उपाशीपोटीचे दोन आकडे

मधुमेहाचे निदान ज्या दिवशी होते, त्याच्या कितीतरी वर्षे आधी शरीरातला बिघाड सुरू झालेला असतो. जेवणातून आलेले ग्लुकोज स्नायूंमध्ये आणि चरबीच्या पेशींमध्ये पोचवायचे आणि यकृताला नवे ग्लुकोज तयार करण्यापासून थोपवायचे, ही इन्सुलिनची मुख्य कामे. पेशी या संप्रेरकाला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडू लागते आणि साखर नेहमीच्या मर्यादेत राहते. या अवस्थेला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. रक्तातली साखर तपासली तर ती चोख येते. जास्तीचे इन्सुलिन मात्र कोणी मोजलेले नसते. पुढे स्वादुपिंडातल्या बीटा पेशी थकू लागतात, साखर काठावर येते आणि रिपोर्टात ‘बॉर्डरलाइन’ हा शेरा उमटतो. डॉक्टर या टप्प्याला पूर्वमधुमेह म्हणतात. म्हणजे काठावरची साखर ही गोष्टीची सुरुवात नव्हे, मध्य आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि १५.३ टक्क्यांना पूर्वमधुमेह आहे; माणसांत मोजायचे तर सुमारे १० कोटी १० लाख आणि १३ कोटी ६० लाख. याच सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०११ मध्ये जाहीर झालेल्या त्या आकडेवारीत राज्यात मधुमेह ८.४ टक्के आणि पूर्वमधुमेह १२.८ टक्के आढळला होता. काठावरची माणसे काठ ओलांडलेल्यांपेक्षा जास्त आहेत, हे दोन्ही वेळा दिसले.

या प्रश्नाच्या मुळाशी असलेले महत्त्वाचे संशोधन पुण्यात झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार, अशी ही ठेवण. जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. वजनकाट्यावर ‘फिट’ ठरलेल्या डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या माणसालाही रक्त तपासून घेण्याची गरज का असते, हे समजायला हे एक छायाचित्र पुरे आहे.

तपासण्यांमध्ये सर्वांत जुनी, सर्वांत स्वस्त आणि अजूनही पहिली करावी अशी तपासणी म्हणजे उपाशीपोटीची साखर. किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही न घेता दिलेल्या रक्तात डेसिलीटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुकोज असेल तर ती सामान्य, १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह. मधल्या पट्ट्याची खालची सीमा कुठे आखायची, यावर दोन मते आहेत. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन १०० पासून मोजते, जागतिक आरोग्य संघटना ११० पासून. त्यामुळे १०४ चा आकडा एका लॅबच्या कागदावर ठळक छापला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी साधा. शरीर अर्थातच अशा रेषा ओळखत नाही. ९८ आणि १०२ यांत वैद्यकीय अर्थाने फारसा फरक नाही. एका आकड्यावर कोणालाही मधुमेही ठरवू नये, लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करावी, हा नियम दोन्ही संस्थांना मान्य आहे.

ही तपासणी सोपी आहे, म्हणून ती बिघडवणेही सोपे आहे. कल्याण-डोंबिवलीत रात्रीचे जेवण साडेदहाला आणि सॅम्पल घ्यायला येणारा मुलगा सकाळी सहाला, हे सर्रास घडते. यात आठ तास भरत नाहीत. ‘फक्त अर्धा कप चहा घेतला’ हे वाक्य लॅबवाल्यांच्या रोजच्या कानावरचे. त्या अर्ध्या कपात साखर आणि दूध असते, आणि त्या दिवशीची तपासणी तिथेच संपते. रात्रपाळी करून आलेल्याने झोप न घेता दिलेले रक्तही ‘सकाळचे उपाशीपोटी’ म्हणून मोजता येत नाही. दुसरी चूक नळीतली. रक्त बाहेर काढल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. सामान्य तापमानाला साध्या नळीतली साखर दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते. चार-पाच सोसायट्यांतली सॅम्पले गोळा करून लॅबमध्ये पोचायला तीन तास लागले, तर ११२ ची साखर ९५ पर्यंत उतरू शकते आणि काठावरचा माणूस कागदोपत्री निरोगी ठरतो. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. फ्लोराइडही लगेच काम करत नाही, पहिला तास-दीड तास घट चालूच राहते. पण साध्या नळीपेक्षा ते बरे. नळीचे टोपण कोणत्या रंगाचे आहे हे पाहायला डॉक्टर असावे लागत नाही.

उपाशीपोटीची साखर मुख्यतः यकृताची रात्रभराची कामगिरी सांगते. जेवणानंतर आलेली साखर स्नायू कशी उचलतात, हे तिला कळत नाही. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० पेक्षा कमी आले तर सामान्य, १४० ते १९९ पूर्वमधुमेह, २०० किंवा अधिक मधुमेह. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये एका तासाच्या रक्तालाही मान्यता दिली: तासाभराने १५५ किंवा जास्त असेल तर बिघाड सुरू झाला आहे, असे धरावे. एक तास वाचला, तर सकाळची लोकल गाठणाऱ्यालाही ही तपासणी जमण्याजोगी होते.

आपल्याकडे मात्र या शास्त्रशुद्ध तपासणीची जागा ‘पीपी’ने घेतली आहे. घरी जेवायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. मधुमेह असलेल्या माणसाची औषधे लागू पडतात का, हे पाहायला पीपी उपयोगी आहे, निदानासाठी नाही. एकाच्या ताटात दोन पोळ्या आणि मुगाची उसळ, दुसऱ्याच्या ताटात तीन वाट्या भात. दोघांचे आकडे एकाच मोजपट्टीवर कसे ठेवणार? १४० ची सीमा ७५ ग्रॅम ग्लुकोजसाठी ठरवलेली आहे, पोळीभाजीसाठी नाही. त्यातून तपासणी आहे म्हणून त्या दिवशी मुद्दाम बेतानेच जेवणारेही कमी नाहीत. गरोदरपणात मात्र सरकारी दवाखान्यांतही ग्लुकोज पाजूनच तपासणी होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज, स्त्री उपाशी असो वा नसो, आणि दोन तासांनी १४० ची सीमा, ही भारतीय डॉक्टरांनी रूढ केलेली पद्धत केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ज्या स्त्रीला गरोदरपणी मधुमेह झाला, तिचा पुढचा धोका कायमचा वाढलेला असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी तिने पुन्हा ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते. बाळाच्या धावपळीत ती राहून जाते.

तिसरी तपासणी एचबीएवनसी. हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजचे हे टक्क्यांतले माप. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यातून कळते. ५.७ ते ६.४ पूर्वमधुमेह, ६.५ पासून मधुमेह. उपाशी राहावे लागत नाही, दिवसात केव्हाही रक्त देता येते, आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत ते टिकतेही. त्यामुळे नोकरदारांमध्ये ती लोकप्रिय झाली. तिची खरी अडचण हिमोग्लोबिनशी आहे, आणि ठाणे जिल्ह्यात ती पुस्तकापुरती राहत नाही.

महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसले. लोहाची कमतरता असली की तांबड्या पेशी जास्त काळ फिरत राहतात आणि एचबीएवनसी खोटेच वर दिसू शकते. साखर ठीक असतानाही ५.९ येते, बाई घाबरते. लोहाच्या गोळ्या घेतल्यावर आकडा खाली उतरतो आणि श्रेय कारल्याच्या रसाला मिळते. उलट प्रकार पेशी लवकर फुटत असतील तेव्हा होतो. कल्याणजवळचे उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले, आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक इतर अनेक समाजांपेक्षा जास्त आढळतात. वाहकाला स्वतःला त्रास नसतो. हिमोग्लोबिन जरा कमी आणि तांबड्या पेशी आकाराने लहान, एवढेच. पण एचबीएवनसीचा आकडा अशा रक्तात मोजण्याच्या पद्धतीनुसार खाली-वर होऊ शकतो. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. तिथे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसून मधुमेह झाकला जाण्याची भीती जास्त. एचपीएलसी यंत्रावर तपासणी केली असेल तर आलेखात निराळे हिमोग्लोबिन अनेकदा दिसून येते. मात्र रिपोर्टाचा तो कागद नीट पाहणारा कोणी हवा. साधा नियम असा की, एचबीएवनसी आणि उपाशीपोटीची साखर एकमेकींशी जुळत नसतील, तर आधी हिमोग्लोबिन तपासावे आणि निर्णय साखरेवर घ्यावा. ५.६ आणि ५.८ मधल्या दोन दशांशांवरून झोप उडवून घेण्याचे कारण नाही, तेवढा फरक एकाच रक्ताच्या दोन मोजण्यांतही येतो.

इथवरच्या तिन्ही तपासण्या साखरेच्या होत्या. इन्सुलिन प्रतिरोध साखर वाढण्याआधी पकडायचा असेल तर इन्सुलिनच का मोजू नये, असा प्रश्न साहजिक आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वसामान्यांपर्यंत पोचवला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारमोहिमेने. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, दिवसातून दोनदाच जेवण्याची ही पद्धत सुरू करण्यापूर्वी उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्यायला सांगितले जाते. त्यामुळे एरवी विशेषज्ञांच्या चिठ्ठीवरच दिसणारे ‘फास्टिंग इन्सुलिन’ हे शब्द भिशीच्या गप्पांतही आले. आहाराच्या गुणदोषांची चर्चा इथे नको; पण साखरेच्या मागे इन्सुलिन असते हे लाखो लोकांना कळले, ही मोठी गोष्ट झाली.

उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि साखर यांवरून प्रतिरोधाचा अंदाज बांधण्याचे सूत्र १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी दिले. त्याला ‘होमा-आयआर’ म्हणतात. ग्लुकोजच्या मिलिग्रॅमला इन्सुलिनच्या मायक्रोयुनिटने गुणायचे आणि ४०५ ने भागायचे. साखर ९८ आणि इन्सुलिन १४ असेल तर उत्तर येते ३.४. साधारण अडीचच्या वरचा आकडा प्रतिरोध सुचवतो, असे मानतात. गंमत अशी की त्याच रिपोर्टात १४ हे इन्सुलिन ‘नॉर्मल’ या सदरात असते, कारण अनेक लॅबच्या कागदावर सामान्य मर्यादा २५ च्या आसपासपर्यंत ताणलेली असते.

तरीही सरसकट सर्वांनी इन्सुलिन मोजावे, असे म्हणता येत नाही. ते साखरेच्या तपासणीपेक्षा कितीतरी महाग आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किट्समध्ये एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात आणि त्यांना एका मापावर आणण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. स्वादुपिंड इन्सुलिन सलग सोडत नाही, दर काही मिनिटांनी लाटांमध्ये सोडते. म्हणूनच मूळ पद्धतीत पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन सरासरी काढायची होती. नेहमीच्या तपासणीत लॅब तसे करत नाहीत. रक्त घेताना पेशी फुटल्या तर इन्सुलिन नळीतच नष्ट होऊ लागते. शिवाय बीटा पेशी खचल्यावर इन्सुलिन खाली येते, होमाचा आकडा दिलासा देतो आणि रोग मात्र पुढे गेलेला असतो. अशा तपासणीचा एकच आकडा हातात घेऊन दर तीन महिन्यांनी त्याचा पाठलाग करणे हा पैशाचा अपव्यय आहे.

प्रतिरोध मोजण्याची खरी कसोटी आहे ती ‘क्लॅम्प’. राल्फ डीफ्रॉन्झो यांनी १९७९ मध्ये ती प्रस्थापित केली. एका शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन द्यायचे, दुसरीकडून ग्लुकोज, आणि साखर एका पातळीवर स्थिर ठेवायला किती ग्लुकोज लागते ते पाहायचे. कमी लागले तर प्रतिरोध जास्त. काही तास चालणारी ही तपासणी संशोधनाबाहेर कोणाच्या वाट्याला येत नाही. स्वस्त तपासण्या किती खऱ्या, हे मात्र तिच्याशी ताडूनच ठरते.

या कसोटीवर अनपेक्षितपणे बरी उतरलेली गोष्ट आहे ट्रायग्लिसराइड, म्हणजे लिपिड प्रोफाइलमधली ती ओळ जिच्याकडे कोलेस्टेरॉलच्या धास्तीत कोणाचे लक्ष जात नाही. इन्सुलिनचे एक काम चरबीच्या पेशींना कुलूप लावण्याचे असते. ते कुलूप ढिले पडले की मेदाम्ले यकृताकडे वाहू लागतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात परत सोडते. ट्रायग्लिसराइड वाढले की त्याच्या देवाणघेवाणीत एचडीएल, म्हणजे चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल, घटते. एक वर, एक खाली, ही जोडी अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात इन्सुलिन प्रतिरोधाशी जोडली आणि त्या संपूर्ण लक्षणसमूहाला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. पुढे २००३ मध्ये त्यांच्याच गटाने ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल हे गुणोत्तर सुचवले. ते ३ किंवा जास्त असेल तर प्रतिरोधाची शंका घ्यावी.

भारतात हे गुणोत्तर जरा सांभाळून वापरावे लागते. महाराष्ट्रासह चार प्रदेशांत झालेल्या इंडियाबच्या २०१४ च्या अहवालात ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी निघाले, तर ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के. ज्या समाजात एचडीएल मुळातच खाली आहे, तिथे भाजक लहान असल्यानेच भागाकार फुगतो. म्हणून गुणोत्तर ३.२ आले तेवढ्यावरून निष्कर्ष नको. ट्रायग्लिसराइड स्वतः १३० च्या वर आहे का, तेही पाहावे.

दुसरे सूत्र एचडीएलला बाजूला ठेवते आणि उपाशीपोटीच्याच दोन आकड्यांवर चालते. मेक्सिकोतील दुरांगो येथील संशोधकांनी २००८ मध्ये ते मांडले. नाव ‘टीवायजी निर्देशांक’. ट्रायग्लिसराइडला ग्लुकोजने गुणायचे, दोनने भागायचे आणि उत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की ‘एलएन’चे बटण दिसते, त्यापेक्षा जास्त सामग्री लागत नाही. साखर ८५ आणि ट्रायग्लिसराइड ८० असेल तर निर्देशांक ८.१३. साखर १०४ आणि ट्रायग्लिसराइड १८० असेल तर ९.१४. हे संशोधन ज्या लोकांसाठी झाले त्यांना इन्सुलिनची तपासणी परवडत नव्हती. गरजेपोटी निघालेली ही वाट पुढे जगभर वापरली गेली.

सूत्रात एक खड्डा आहे. काही निबंधांत दोनने भागण्याची क्रिया लॉगरिदमच्या आत होते, काहींत बाहेर. त्यामुळे एकाच माणसाचा आकडा एका पद्धतीने ९.१४ येतो आणि दुसरीने ४.९२. मेक्सिकोच्याच गटाने २०१० मध्ये क्लॅम्पशी ताडून ४.६८ ही सीमा दिली ती बाहेर भागणाऱ्या पद्धतीची. आत भागले तर तीच सीमा साधारण ८.६७ होते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तक्त्यांत ही सरमिसळ नेहमी दिसते. शिवाय ही सीमा मेक्सिकन लोकांवरून काढलेली आहे. तिला निदान मानू नये. फार तर दारावरची घंटा म्हणावे.

तरी तिचा उपयोग कुठे होतो, ते एका कल्पित रिपोर्टावरून पाहता येईल. समजा, घोडबंदर रोडवर राहणारा, बसून काम करणारा अडतीस वर्षांचा माणूस. साखर ९९, ट्रायग्लिसराइड १४५, एचडीएल ४१. लॅबच्या मर्यादा अनुक्रमे १००, १५० आणि ४०. तिन्ही ओळी मर्यादेत, एकही आकडा ठळक नाही, आणि रिपोर्ट कपाटात जातो. पण गुणोत्तर येते ३.५ आणि टीवायजी ८.८८. तीन आकडे स्वतंत्रपणे जेमतेम पास झाले आहेत, एकत्र वाचले तर नापास. यासाठी एक पैसाही जास्त लागलेला नाही. रक्त आधीच दिलेले आहे, आकडे आधीच छापलेले आहेत. वार्षिक तपासणीच्या जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये साखर आणि लिपिड प्रोफाइल असतेच. या प्रकरणाचा मुख्य मुद्दा एवढाच: इन्सुलिन प्रतिरोधाची स्वस्त तपासणी बहुतेक घरांत झालेली असते, ती वाचलेली नसते.

ट्रायग्लिसराइडलाही स्वतःचे नखरे आहेत. आदल्या रात्रीचे मद्य, लग्नाची पंगत, मंदावलेले थायरॉइड, काही औषधे यांनी ते उसळते. गणपती-दिवाळीच्या आठवड्यात दिलेल्या रक्तावर काही ठरवू नये. दहा-बारा तास उपाशी राहून दिलेले रक्त उत्तम. ज्यांना मधुमेह झालेलाच आहे किंवा ट्रायग्लिसराइड कमी करण्याची औषधे चालू आहेत, त्यांनी हे सूत्र वापरू नये.

लिपिडच्या शेजारी यकृताची तपासणी असते. तिच्यातील एसजीपीटी हे एन्झाइम किंचित वाढलेले असेल, मद्य आणि कावीळ नसेल, तर यकृतात चरबी साठल्याची शक्यता असते, आणि चरबीचे यकृत हे प्रतिरोधाचे सख्खे भावंड आहे. यूरिक ॲसिड आणि सीआरपीही अशा लोकांत वर गेलेले दिसतात, पण ते इतर अनेक कारणांनीही वाढतात. त्यांच्यासाठी वेगळे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

रक्ताच्या कोणत्याही आकड्याला वजन येते ते कमरेच्या मापाने. आशियाई लोकांसाठी सीमा पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८०. माप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून घ्यायचे, पँटच्या नंबरावरून नाही. मानेच्या मागे किंवा काखेत आलेला काळपट, मखमली पट्टा मळ समजून घासला जातो. तो इन्सुलिन वाढल्याची खूण असतो, आणि किशोरवयीन मुलांमध्ये तर पहिली खूण. पाळी अनियमित असलेल्या, पीसीओडीचे निदान झालेल्या मुलींमध्येही हीच शंका घ्यावी लागते. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये केलेली भारतीय मधुमेह जोखीम गुणपत्रिका वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टींवर १०० पैकी गुण देते. ६० किंवा जास्त आले तर रक्त तपासलेच पाहिजे. आई आणि वडील दोघांनाही मधुमेह असलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस त्यातले निम्मे गुण कंबर मोजण्याआधीच मिळवतो.

या तपासण्या इतक्या स्वस्त झाल्या त्यात ठाणे जिल्ह्याचाच वाटा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील नोकरी सोडून ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये थायरोकेअर ही रक्ततपासणीची कंपनी सुरू केली. गावोगावी फक्त रक्त गोळा करायचे, विमानाने एका ठिकाणी आणायचे आणि रात्रभर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांवर तपासायचे, ही पद्धत नवी मुंबईतल्या तुर्भ्याहून चालली. संख्या वाढली तसे दर उतरले, आणि पॅकेज हा प्रकार रूढ झाला. त्याची दुसरी बाजूही आहे. साठ-सत्तर तपासण्यांच्या यादीत कामाच्या पाच-सहाच असतात, आणि इतक्या आकड्यांत एखादा तरी निष्कारण मर्यादेबाहेर जातोच. खिशावर ताण असणाऱ्यांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आहेत. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आल्या. तीस वर्षांवरील प्रत्येकाची बोटाच्या टोकातून साखर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. त्यात केव्हाही घेतलेली साखर १४० च्या वर गेली तर पुढे पाठवतात. ग्लुकोमीटर चाळणीपुरता ठीक आहे. १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतची चूक त्याच्या मानकातच मान्य असल्याने १०८ की १२० हे त्याला विचारू नये.

एवढे करून आधी कळले तर उपयोग काय, याचे उत्तर चेन्नईतच मिळाले. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात ग्लुकोज पिऊन पूर्वमधुमेह सिद्ध झालेले ५३१ लोक होते. २००६ मध्ये निष्कर्ष आले. काहीच विशेष न केलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणे आणि आहार बदललेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले, मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांत ४०.५. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे काठावरून आत पडण्याचा वेग फार आहे, आणि गोळीइतकेच काम चालण्याने होते, हे दोन्ही त्यातून कळले. त्या लोकांना निवडले होते दोन तासांच्या ग्लुकोज तपासणीवर, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा तिशी ओलांडलेल्याने वर्षातून एकदा साखर आणि लिपिड प्रोफाइल दहा-बारा तास उपाशी राहून करावे, सोबत हिमोग्लोबिन आणि एसजीपीटी. कंबर मोजावी, गुणोत्तर आणि टीवायजी स्वतः काढावे. आकडे काठावर असतील किंवा घरात मधुमेह असेल, तर एचबीएवनसी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. इन्सुलिन त्यानंतर, तेही डॉक्टरांना हवे असेल तरच. जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नयेत. एकाच लॅबचे, शक्यतो एकाच ऋतूतले पाच वर्षांचे कागद तारखेनुसार लावून ठेवावेत आणि डॉक्टरांकडे जाताना सगळे न्यावेत. ८८, ९४, ९९ अशी चढत गेलेली साखर अजून ‘नॉर्मल’ असली, तरी ती वेळीच दाखवण्यासारखी आहे.